सैल झालेली माळ

मॅडम गेल्या त्या सकाळी आमच्या जनावरांच्या डॉक्टरांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पहिला मेसेज पडला तो असा : ‘मायाळू, मृदुभाषी, प्राणीप्रेमी व्यक्तिमत्त्व हरपले.’ खाली जोडलेले हात, फुलं, पणत्या, नुसती झुंबड उडाली. मी तो मेसेज पुन्हा पुन्हा वाचला आणि डोकं असं फिरलं की गॅसवरचं दूध उतू गेलं तरी कळलं नाही.

मायाळू? धुळ्यातलं अर्धं देवपूर बाईंच्या तोंडाला टरकून असायचं. मृदुभाषी? त्यांचं दवाखान्यातलं बोलणं रस्त्यावरच्या रिक्षावाल्यांना ऐकू जायचं आणि ते ऐकायला रिक्षावाले थांबायचे. आणि प्राणीप्रेमी तर त्या मुळीच नव्हत्या. त्यांनी आयुष्यात कुत्रं पाळलं नाही, मांजराचा मुका घेतला नाही, पिल्लू पाहून ‘अले अले’ केलं नाही. कुणी कौतुकाने म्हणालं, “हा आमचा मुलगाच आहे,” तर त्या म्हणायच्या, “मग माणसांच्या डॉक्टरकडे ने.” त्यांना प्राणी आवडायचे की नाही, हे त्यांच्या शेजारी काही वर्षं उभं राहूनही मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. प्राण्यांच्या बाबतीत कुणी अंदाजपंचे बोललेलं मात्र त्यांना खपायचं नाही. प्रेमापेक्षा ही फार वेगळी आणि फार त्रासाची गोष्ट आहे. पणत्या लावणाऱ्यांपैकी कुणाला ती कळलेली नव्हती, म्हणून मी लिहायला बसले.

पदवी हातात पडल्यावर मी त्यांच्याकडे उमेदवारी करायला लागले. माझं गाव धुळ्यापासून एस.टी.ने तासाभरावर. घरी वडील, त्यांना आम्ही आबा म्हणतो, आणि त्यांची थोरली विधवा बहीण, अक्का. आई लवकर गेली, तेव्हापासून घरची चूल अक्काच्या हातात. मुलगी म्हशी-बैलांची डॉक्टर होईल अशी आबांची समजूत होती. मी देवपुरात कुत्र्यामांजरांच्या दवाखान्यात लागले म्हटल्यावर त्यांनी कितीतरी दिवस गावात ते कुणाला सांगितलंच नाही.

दवाखाना दोन खोल्यांचा. बाहेर बाकडं, आत पत्र्याचं टेबल, एक मोठी खिडकी आणि खिडकीखाली रक्ताच्या नळ्या गरागरा फिरवायचं यंत्र. दारावर निळ्या पत्र्याची पाटी : ‘येथे लिव्हरचे टॉनिक मागू नये.’ बस्स. डॉक्टरचं नाव नाही, डिग्री नाही, वेळ नाही. ज्याला यायचंय तो येतो, असं त्यांचं म्हणणं.

त्या पाटीमागे त्यांचा जन्मभराचा संताप होता. आपल्याकडे कुत्र्याने जेवण सोडलं की लिव्हर, उलटी केली की लिव्हर, केस गळाले तरी लिव्हर. मेडिकलमधून बाटली आणायची, दोन चमचे पाजायची, आणि आठ दिवसांनी कुत्रं मेलं की म्हणायचं, लिव्हर गेलं होतं हो, काय करणार. बाकड्यावर बसलेल्या माणसाच्या तोंडातून ‘लिव्हर’ हा शब्द निघाला रे निघाला की मॅडम तळहात उभा करायच्या. “थांब. तू काय पाहिलंस तेवढं सांग. लिव्हर तू पाहिलेलं नाहीस.”

हो, ‘तू’. हा त्यांचा दुसरा कायदा. माणूस कितीही मोठा असो, त्याला अरे-तुरे. फौजदार असो, प्राचार्य असो, नातवंडांचा आजा असो. आणि जनावराला मात्र अहो-जाहो. “या, बसा. पाय द्या इकडे. थोडं टोचेल, राग मानू नका,” असं गावठी कुत्र्याला म्हणायच्या आणि त्याच दमात त्याच्या मालकाला, “अरे धर ना नीट, झोपलास काय?” एकदा एका वकिलांनी हे मनाला लावून घेतलं. मॅडमनी त्यांना शांतपणे सांगितलं, “हे मला कधी खोटं सांगत नाहीत. तू मघाशी म्हणालास गोचीड नाही, आणि ही बघ कानात. मग मान कुणाला देऊ?”

सुती पातळ, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट, हातात गेलेल्या नवऱ्याचं मोठं घड्याळ. गुळाचा काळा चहा. दुपारी डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा, तोही असा की शेजारी बसणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी यावं. रक्त काढलं की नळी यंत्रात फिरवायची आणि मग त्यांचा खरा सोहळा. वर आलेला पातळ रस, म्हणजे सीरम, त्या खिडकीच्या उजेडात धरायच्या, मागे पांढरा कागद. “आधी डोळे, मग मशीन.” मालकालाही जबरदस्तीने बघायला लावायच्या. लोक रक्त म्हटलं की तोंड फिरवायचे. त्या दंडाला धरून वळवायच्या. “तुझंच आहे ना ते? मग बघ.”

त्यांच्याकडे शिकलेलं मी आजही रोज वापरते. पुस्तकात ते सगळं आहे, पण पुस्तकात ते असं कानाला धरून सांगितलेलं नाही. “रक्तात एन्झाइम वाढली म्हणजे लिव्हर ओरडतंय. का ओरडतंय, ते शोध. शेजाऱ्याच्या भांडणानेही माणूस ओरडतो. खाजेसाठी कुणी स्टेरॉइडची इंजेक्शनं ठोकली असली तरी कुत्र्याचं एक एन्झाइम आभाळाला जातं. आणि लक्षात ठेव, ओरडणारा अजून जिवंत असतो. तो काम करतोय का, ते वेगळं विचारावं लागतं.”

काम करतोय का, हे विचारण्याची त्यांची रीत एकदा मी धसकून पाहिली. एक म्हातारी पॉमेरियन आली. खात नव्हती, पोट सुटलेलं. एन्झाइमचे आकडे अगदी सरळ. मालकीणबाईंचा चेहरा उजळला, मीही हसले. मॅडम हसल्या नाहीत. त्या खालच्या ओळी वाचत होत्या. अल्ब्युमिन कमी, साखर कमी, युरिया कमी. या सगळ्या लिव्हरने बनवायच्या गोष्टी. “ओरडायलाही काही उरलेलं नाही,” त्या म्हणाल्या, आणि कुत्रीकडे वळून, “दमलात तुम्ही.” ती कुत्री आठवड्यात गेली. मालकीणबाईंना त्यांनी खोटी आशा दिली नाही, म्हणून त्या बाई पुन्हा कधी आल्या नाहीत आणि गावभर आमची बदनामी करत फिरल्या. मॅडम म्हणाल्या, “फिरू दे.”

त्यांच्या धाडसाच्या गोष्टी देवपुरात पुष्कळ सांगतात. मी डोळ्यांनी पाहिलेली एक सांगते. एका पुढाऱ्याचा लॅब्रॅडॉर आला, सोबत दोन गाड्या आणि चार माणसं. कुत्र्याच्या हिरड्या, डोळे, पोटाची कातडी, सगळं पिवळं. आधीच्या कुणीतरी लिव्हर फेल म्हणून सांगितलेलं, सलाइन आणि टॉनिक चालू. ते पुढारी, सगळे त्यांना भाऊ म्हणायचे, दारातूनच म्हणाले, “मॅडम, तेच औषध चालू ठेवा, फक्त जरा भारी कंपनीचं द्या.” मॅडमनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. कुत्र्याला म्हणाल्या, “पाय द्या.” बारीक काचेच्या नळीत रक्त फिरवलं. खाली बसलेला लाल भाग बोटाच्या पेराएवढाही नव्हता, वरचा रस पिवळा.

“रक्त फुटतंय,” त्या म्हणाल्या. “लाल पेशी फुटल्या की त्यातला पिवळा रंग अंगभर होतो. गोचिडाचा ताप आहे. लिव्हर बिचारं वरून आलेला कचरा उपसतंय आणि तुम्ही त्यालाच चोर ठरवलंत.”

भाऊंचा माणूस पुढे झाला. “मॅडम, नाशिकच्या डॉक्टरांनी लिहून दिलंय.”

“मग नाशिकला ने. पण नेतोस तर लवकर ने, नाहीतर रस्त्यात मरतील हे. इथं ठेवायचं तर माझ्या पद्धतीने. आणि तुम्ही चौघं बाहेर उभे राहा, यांना हवा लागू दे.”

चौघंही बाहेर गेले. भाऊ मात्र आत राहिले, त्या कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन फरशीवर बसले. पांढरे कपडे पार खराब झाले. कुत्रं जगलं. पुढे निवडणुकीच्या धामधुमीत भाऊंनी दवाखान्यासमोर आपला फ्लेक्स लावला, तर मॅडमनी स्टुलावर चढून तो स्वतः काढला आणि कुत्र्यांच्या अंगाखाली अंथरायला घेतला. कापड चांगलं आहे म्हणाल्या.

आता अक्काची गोष्ट. मॅडम मला खऱ्या कळल्या त्या तिच्यामुळे.

अक्काची एक मांजर होती, अजून आहे, ठकी. आमचं घर माळकरी. कांदा-लसूणही एकादशीला वर्ज्य, तिथं अंड्या-मांसाचं नावसुद्धा निघत नाही. ठकी दुधावर वाढलेली, चांगली गुबगुबीत. ती रोज कापसाच्या खोलीत उंदीर मारायची, पण घरातल्या कुणीही ते कधी पाहिलेलं नव्हतं. म्हणजे पाहायचं नाही असं ठरलेलं होतं. सकाळी पायरीवर शेपूट सापडली की अक्का ‘राम राम’ म्हणत केरसुणीने लोटायची.

माझ्या चुलतभावाचं लग्न आमच्याच अंगणात झालं. डीजेने भिंती हलल्या. ठकी कापसाच्या खोलीत जी घुसली ती पाहुणे पांगेपर्यंत बाहेर आलीच नाही, आणि आल्यावर तिने ताटलीला तोंड लावलं नाही. काही दिवसांत तिचे कान आतून पिवळे दिसायला लागले. कावीळ! मग आमच्याकडे काविळीला जे करतात ते सगळं सुरू झालं. शेजारच्या गावात काविळीची माळ घालणारा आहे. कसल्याशा मुळीच्या कांड्यांची माळ तो रुग्णाच्या गळ्यात बांधतो. ती सैल होत खाली उतरली की कावीळ उतरली. अक्काने ठकीच्या गळ्यात ती माळ बांधून आणली. वर पथ्य. दूध बंद, तूप बंद, उसाचा रस, निवळ ताक आणि पाण्यातला भात. आणि उंदीर खाऊन पथ्य मोडू नये म्हणून ठकीला अक्काच्या खोलीत कोंडून ठेवलेलं.

रविवारी मी घरी गेले तर अक्का उजळलेल्या चेहऱ्याने म्हणाली, “देख बेटा, माळ कशी सैल व्हई गयी! कावीळ उतरी राह्यनी.”

माळ खरंच सैल झाली होती. मी ठकीला उचललं. पाठीचा कणा बोटांना मोजता यावा असा. नेहमी मांडीवर न मावणारी मांजर, हातात वजनच नव्हतं. मी तिला टोपलीत घातलं आणि एस.टी. गाठली. अक्का म्हणाली, “मी बी येस.” ती याआधी धुळ्याला डोळे तपासायला आली होती तेवढीच.

मॅडमनी ठकीला टेबलावर घेतलं. “या बाईसाहेब.” लिव्हर बिघडलं की रक्त गोठत नाही, म्हणून आधी एक इंजेक्शन दिलं, मग मानेच्या शिरेतून थोडंसं रक्त काढलं. नळी फिरली, खिडकीशी गेली. लाल भाग ठीक होता, म्हणजे रक्त फुटत नव्हतं. वरचा रस मात्र करडईच्या तेलासारखा. मशीनचा कागद आला. एक एन्झाइम खूप चढलेलं, त्याच्या जोडीचं दुसरं जवळजवळ जागच्या जागी. मांजरात ही जोडी अशी फुटली की मॅडमना एकच शंका यायची. “रक्त शपथेवर सांगत नाही, पण बोट दाखवतं,” त्या म्हणाल्या, आणि अक्काकडे वळल्या. “बाईसाहेबांनी किती दिवस काही खाल्लं नाही?”

“खास ना बाई. उसना रस, ताक...”

“ते खाणं नव्हे. गुबगुबीत मांजर उपाशी राहिलं की अंगातली चरबी लिव्हरवर चालून येते. लिव्हर तिच्याखाली गुदमरतं. कावीळ त्याची आहे. उपाशी राहून झालेल्या दुखण्यावर तू पथ्य घातलंस. आणि ही माळ,” त्यांनी दोन बोटं माळेत घालून दाखवली, “ही उतरली नाही. मान वाळली.”

अक्का एकदम टेबलाच्या कडेला टेकली. मग हळूच म्हणाली, “ती जेवे नही, तं मी बी पानीना भातच खायना, बाई. तिनासंगे.”

तेव्हा मी प्रथम पाहिलं, अक्काचेही गाल आत गेले होते. मॅडमनीही पाहिलं. स्टूल पुढे ओढत म्हणाल्या, “बस आधी.” मग भाकरीचा डबा उघडून तिच्यापुढे ठेवला. “खा. तुझं पथ्य संपलं.”

उपाय एकच होता. खायला घालणं, दर काही तासांनी, कित्येक आठवडे, मांजराच्या पोटाला जे लागतं तेच. नाकातून बारीक नळी, तीतून पातळ करून गाळलेली कोंबडी, अंडं. सुरुवातीला थोडं थोडं, एकदम पोट भरायचं नाही. नाही घातलं तर ठकी मरणार. मॅडमनी हे इतक्याच शब्दांत सांगितलं.

“दुसरं काही नही चालस का बाई? पनीर? डाळनं पानी?”

“तेवढ्यावर बाईसाहेबांचा जीव राहायचा नाही.” मॅडम खाली बसल्या, अक्काच्या डोळ्यांसमोर. “ऐक. मी जन्मात अंडं चाखलेलं नाही. माझ्या घरी सोवळं आहे. पण ते मिक्सर बघ कोपऱ्यातलं, वास घे. चव कशी असते मला ठाऊक नाही, रुग्णांची तक्रार आलेली नाही. मांजराने माळ घेतलेली नाही, अक्का. तू घेतलीस. यांची काढ, तुझी राहू दे.”

अक्काने स्वतःच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावला. मग ठकीच्या गळ्यातली मुळीची माळ सोडली आणि टेबलावर ठेवली.

मी आबांना फोन लावला. आबा एवढंच म्हणाले, “या घरमा अंडं येनार नही. मांजर मरो का जगो. ज्याले घालनं शे त्यानी चुल्हाले हात लावानं नही.” फोन स्पीकरवर होता. अक्काने तो माझ्या हातातून घेतला. थोरली बहीण, पण धाकट्या भावापुढे तिने कधी आवाज चढवलेला मी ऐकला नव्हता. तेव्हाही चढवला नाही. “नही लावस,” ती म्हणाली. “मी गोठामा राहसू. तुमन्या भाकरी तुमी टाका.”

आणि खरंच ती गोठ्यात गेली. बाज टाकली, तीन दगडांची चूल मांडली. कोंबडी मी दवाखान्यातून वाटून, डब्यात घालून पाठवायची. अंडी गावातून आणावी लागायची. अक्का ती स्वतः आणायची, भर गल्लीतून, पदराखाली नाही, हातात. दुसऱ्याच दिवशी गावाला कळलं. भजनातल्या बायकांनी तिला टाळलं. तिने दर खेपेला हात धुतले, आंघोळ केली, नेम सोडला नाही, जप सोडला नाही आणि सिरिंजही सोडली नाही. इकडे आबा घरात एकटे. त्यांच्या भाकऱ्या कधी करपायच्या, कधी कच्च्या. पण माणूस हट्टी. आमच्या घरात हट्टाला काही तोटा नाही.

पहिल्या आठवड्याला मॅडम स्कूटर काढून माझ्याबरोबर गावी आल्या. रक्त काढलं, दवाखान्यात नेऊन पाहिलं, फोनवर अक्काला सांगितलं, “काविळीचा आकडा चढलाय.”

“म्हंजे?”

“म्हणजे काही नाही. बाईसाहेब खाताहेत ना? उलटी नाही ना? मग खाऊ घालत राहा. आकड्याला पुढच्या आठवड्यात पुन्हा विचारू.”

फोन ठेवून त्या खिडकीशी उभ्या राहिल्या. नळी हातातच. मी म्हटलं, “मॅडम, आकडा चढला म्हणजे काही नाही, असं तुम्हीच आत्ता...” त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “मला भीती वाटतेय. त्या बाईने माझ्या शब्दावर घर सोडलंय. मांजर मेलं तर ती कुठं जाईल? कुणाला सांगू नकोस.” इतकी वर्षं नाही सांगितलं. आज सांगते, कारण ‘मृदुभाषी’ लिहिणाऱ्यांना हे ठाऊक असायला हवं. बाईंना भीती वाटायची. त्या भीतीला त्या जुमानायच्या नाहीत, एवढंच.

त्यानंतरच्या खेपेला आबा गोठ्याच्या दाराशी उभे होते. वाटच बघत असावेत. “मॅडम, तुम्ही शिकलेल्या,” ते म्हणाले. “पण माझं घर मोडलं तुम्ही. गावात तोंड दाखवायला जागा नाही राहिली.”

मॅडमचं लक्ष ठकीच्या मानेवर होतं. रक्त नळीत घेतलं, बूच लावलं, आणि मग त्या उठल्या. “तुझं घर ही बाई भाकरी थापायची तिथं होतं. ती इथं आली, घर इथं आलं. तूच तेवढा बाहेर राहिलास.” आणि ती नळी सरळ आबांच्या हातात दिली. “हे मुठीत धर. ऊब लागते. हलवू नकोस.”

“रक्त?” आबांचा हात मागे गेला.

“कापून नाही काढलेलं. विचारून काढलंय. धर.”

आबांनी धरलं. का धरलं ते मी त्यांना कधी विचारलं नाही. बहुधा आजवर त्यांना कुणी अरे-तुरे केलं नव्हतं, तेवढ्याने ते गडबडले असतील. माळकरी माणूस, मुठीत मांजराचं रक्त, गोठ्याच्या दारात ताठ उभा. मॅडम बाजेवर मांडी घालून बसल्या. अक्का ठकीला नळीतून घास देत राहिली. म्हैस रवंथ करत होती. कधी नव्हे ते मीही देवाचं नाव घेतलं, मनातल्या मनात.

रक्त खाली बसायला वेळ लागतो. बऱ्याच वेळाने मॅडम म्हणाल्या, “उघड मूठ. उन्हात धर.” त्यांनी पदराचा पांढरा काठ मागे धरला. आबांनी नळी डोळ्यांजवळ नेली. लाल गाठ तळाशी, आणि वर बोटभर रस. नितळ. किंचित पिवळी झाक, बस्स, तेवढीच.

“हे काय?” आबा म्हणाले.

“आधी हे तेलासारखं होतं,” मॅडम म्हणाल्या. “मशीन संध्याकाळी सांगेलच. पण तुझ्या डोळ्यांना काय दिसतं ते तू सांग.”

आबा बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं, “वाचनी का ती?” अक्काने पदर तोंडात कोंबला आणि इतके दिवस न रडलेली बाई ओक्साबोक्शी रडली. मॅडमनी तिला आवरलं नाही, मायेने जवळही घेतलं नाही. नळी आबांच्या हातून काढून पिशवीत ठेवली आणि म्हणाल्या, “रडून झालं की बाईसाहेबांचा पुढचा घास चुकवू नकोस.”

मुळीची ती माळ मॅडमनी दवाखान्यात खिडकीशेजारी खिळ्याला टांगली. पुढे कुणी म्हणालं, “पिवळं दिसतंय ना मॅडम, मग रक्त कशाला काढायचं?” की त्या माळ काढून त्याच्या मनगटात घालायच्या. “सैल झाली की सांग.” आणि तो हसून माळ परत द्यायला लागला की कुत्र्याला म्हणायच्या, “तुम्ही द्या पाय. याला समजलं.”

ठकी स्वतःच्या तोंडाने खायला लागली तशी आबांनी निरोप पाठवला, झालं गेलं विसरू, गोमूत्र शिंपडू, अक्काने घरात यावं. अक्काने उलट निरोप दिला : चूल गोठ्यातच राहील. ठकीला अंडं लागतं आणि ठकीपासून ती लांब रांधणार नाही. ज्याला भूक असेल त्याने इथं यावं. भूक आबांनाच होती. ते आले. तेव्हापासून ते गोठ्यात जेवतात. ठकीची वाटी शेजारी असते म्हणून पाठ फिरवून बसतात, पण बसतात तिथंच.

मॅडम गेल्या त्या दिवशी दूध पुसून झाल्यावर मी घरी फोन केला. अक्काने ऐकून घेतलं. रडली नाही. म्हणाली, “चांगली बाई व्हती. कोनले भ्यायनी नही.” मी म्हटलं, भ्यायची, अक्का. तुझ्यासाठी भ्यायली होती. मग फोन तसाच चालू ठेवून ती आबांना सांगायला गेली. मला नुसती भांड्यांची खुडबुड ऐकू येत होती. परत आली तेव्हा तिचा आवाज अगदी खाली होता.

“तुना बापनी आज सोताना हातवरी अंडं फोडं,” ती म्हणाली. “ठकीना वाटीमा. आते आंग धोई राह्यना.”